डांबर सोडा, चाकोरी सोडू नका

शनिवारी सकाळी पुण्याहून साताऱ्याकडे किंवा ठाण्याहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या जरा निरखून पाहिल्या, तर गेल्या काही वर्षांत रस्त्याचे रूप किती पालटले आहे ते ध्यानात येते. बसक्या, लांबट गाड्या कमी झाल्या आणि त्यांच्या जागी उंच, रुंद छातीच्या, जाडजूड टायरांच्या गाड्या आल्या. एखादीच्या टपावर लोखंडी जाळी असते, एखादीच्या मागे फावडे बांधलेले असते. फावडे नवेकोरे असते. त्याला अजून माती लागलेली नसते. आत आईवडील, दोन मुले, पोह्यांचा डबा आणि मोबाइलवर उघडलेला नकाशा. कुठे निघालात म्हणून विचारावे, तर उत्तर येते, ‘‘तसे काही ठरलेले नाही. जिथे रस्ता संपेल तिथे!’’

हे चित्र तुरळक राहिलेले नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या आणि त्यांपैकी जवळजवळ २८ लाख या उंच, ‘युटिलिटी’ वर्गातल्या होत्या. म्हणजे दर तीन नव्या गाड्यांमागे दोन. यातल्या बहुसंख्य गाड्या दिसायला रांगड्या असल्या तरी त्यांची दोनच चाके ओढतात. चारही चाकांना जोर देणारी खरी जीप त्यात थोडीच. पण त्या जातकुळीलाही २०२० नंतर नवा बहर आला. महिंद्रची थार २ ऑक्टोबर २०२० रोजी नव्या रूपात बाजारात आली, २०२३ मध्ये मारुतीची जिम्नी आली, पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा आहेच. पूर्वी जीप म्हटली की ती गटविकास अधिकाऱ्याची, साखर कारखान्याच्या अध्यक्षांची, नाहीतर वडापवाल्याची. आता ती संगणक कंपनीतल्या तरुण जोडप्याची झाली आहे. घरची गाडी म्हणून घेतली, सात वर्षांचे कर्ज काढले आणि सहा महिन्यांनी प्रश्न पडला, की ही चालवायची कुठे? नवशिक्याला झेपतील अशा सोप्या, कच्च्या वाटा मिळतात कुठे?

प्रश्न निरागस आहे, पण त्याचे चुकीचे उत्तर किती महागात पडते हे आपण पाहत आलो आहोत. २०२२ मध्ये लडाखमधल्या हुंदरच्या वाळूच्या टेकड्यांवर मोठी गाडी घालणाऱ्या पर्यटकांना पोलिसांनी ५० हजार रुपयांचा दंड केला. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौल भागात रस्त्यावरची कोंडी टाळण्यासाठी एकाने गाडी थेट चंद्रा नदीत उतरवली आणि तिच्या पात्रातून हाकली; त्यालाही दंड झाला. ही उदाहरणे हिमालयातली म्हणून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. आपल्याकडे दर पावसाळ्यात फरशी पुलांवरून गाड्या वाहून जातात, दर सुटीत कोकणातल्या पुळणीत रुतलेली गाडी भरतीच्या पाण्यात उभी असल्याचे छायाचित्र छापून येते. गाडी चांगली असते आणि चालवणाराही पुष्कळदा सज्जन असतो. वाट निवडण्याचे ज्ञान मात्र गाडीबरोबर विकत मिळत नाही.

या गाड्यांच्या जाहिरातींना ‘चाकोरीबाहेर’ हा शब्द फार प्रिय आहे. गंमत अशी, की चाकोरी या शब्दाचा मूळ अर्थ आपण विसरलो आहोत. बैलगाडीच्या चाकांनी मातीत वर्षानुवर्षे पाडलेली खाच म्हणजे चाकोरी. शहरात राहायला आल्यावर आपण त्या शब्दाला कंटाळवाण्या आयुष्याचा अर्थ चिकटवला. खरे म्हणजे चाकोरी ही डांबराबाहेरचीच वाट आहे. तिला ‘ऑफ-रोड’ असे कोणी म्हटले नाही, एवढेच. या साऱ्या हौसेविषयी माझे सांगणे त्या शब्दातच आहे: नवशिक्याने डांबर जरूर सोडावे, पण चाकोरी सोडू नये.

वाट कुणाची?

बँकेतल्या माझ्या नोकरीची बरीच वर्षे शेतीकर्जात गेली. कर्जाचा अर्ज आला की सातबारा पाहायचा, फेरफार पाहायचे, चतुःसीमा तपासायची आणि मग एक प्रश्न हमखास विचारायचा, ‘जमिनीला वाट कुठून?’ वाट नसलेली दहा एकर बागायत ही वाट असलेल्या पाच एकरांपुढे हलकी ठरायची. तोडलेला ऊस बाहेर काढायला शेजाऱ्याच्या हातापाया पडावे लागत असेल, तर त्या उसाच्या भरवशावर कर्ज कसे द्यायचे? शहरातल्या माणसाला मोकळी दिसणारी जमीन खेड्यात कधीच मोकळी नसते. ती कुणाची तरी असते, आणि तिच्यातून जाणारी वाट तर तिच्याहून अधिक भांडणाची असते.

या भांडणांसाठी आपल्याकडे १९०६ सालचा मामलेदार न्यायालय कायदा आहे. अडवलेली वाट मोकळी करून मागायला शेतकरी आजही त्याच कायद्याखाली तहसीलदारांकडे जातो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतल्या कलम १४३ नुसार शेताच्या बांधावरून वाट मागता येते. आणि या सगळ्याच्या मुळाशी असतो तो गावचा नकाशा. त्या जुन्या नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते, पायवाट एकेरी तुटक रेषेने. गाडीवाटेची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली आहे, पायवाटेची सव्वाआठ फूट. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे बांध दरवर्षी इंच इंच पुढे सरकत गेल्याने कित्येक गाडीवाटांच्या पायवाटा झाल्या आणि पायवाटा पिकात विरघळल्या. पाणंद रस्त्यांसाठी शासनाला योजना आखाव्या लागल्या. २०२५ मध्ये तर शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात करण्याचा निर्णय झाला. शेतकऱ्यांनी चपला झिजवून मिळवलेली ही गोष्ट आहे.

आता कल्पना करा. एका गावची पाणंद मोठ्या मुश्किलीने मोकळी झाली आहे. तिच्यावर लोकवर्गणीचा मुरूम पडला आहे. ऑगस्टमधल्या एका रविवारी मोबाइलवर ती ‘सोपी वाट’ म्हणून कुणाला सापडते आणि दहाबारा गाड्यांचा ताफा तिच्यातून जातो. मौज म्हणून चिखलात चाके गरगर फिरवली जातात. संध्याकाळी ताफा हॉटेलात जेवायला थांबतो. सोमवारी सकाळी दुधाचे कॅन घेऊन निघालेली मोटारसायकल त्या गुडघाभर खाचांत आडवी होते, आणि ट्रॅक्टरची ट्रॉली दिवसभर अडकते. यात कुणाचाही वाईट हेतू नाही. पण पाहुण्याने घरात येताना चपला काढाव्यात ही साधी गोष्ट आपण वाटेच्या बाबतीत पाळत नाही.

म्हणून नवशिक्याने वाट सोपी आहे का, हे विचारण्याआधी ती कुणाची आहे हे विचारावे. त्यासाठी पारावर दोन मिनिटे थांबले तरी पुरते. ‘राम राम, दादा. ही वाट पुढे कुठं जाते? गाडी घातली तर चालेल का कुणाला?’ एवढे नम्रपणे विचारणाऱ्याला गावाने हाकलून दिल्याचे मी पाहिलेले नाही. उलट, ‘त्या ओढ्यापाशी डावीकडनं जावा, उजवीकडं दलदल हाय,’ हे कुठल्याही नकाशात नसलेले ज्ञान फुकट मिळते.

जिथे जाऊच नये

काही जागा मात्र विचारण्याच्याही पलीकडच्या आहेत. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अभयारण्यात शिरण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निर्बंध घातले आहेत. तिथे वनखात्याची कच्ची सडक दिसली म्हणून ती आपल्यासाठी आहे असे होत नाही. पाटबंधारे खात्याच्या कालव्यालगतच्या रस्त्यांचेही तसेच. ते तपासणीसाठी असतात आणि त्यांची एक बाजू पाण्यात उतरलेली असते.

जंगल निदान ओळखू तरी येते. अवघड जाते ते ‘नुसते मोकळे’ दिसणारे पठार ओळखणे. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथल्या खडकावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच असतो आणि त्या बोटभर मातीवर शेकडो जातींची फुले उभी असतात. चाकाखाली तो थर एकदा सुटला की पुढच्या पावसात वाहून जातो, आणि खालचा खडक काही पुन्हा माती तयार करायला बसत नाही. कोकणातल्या सड्यांवर आणखी एक गोष्ट पायाखाली असते, ती म्हणजे कातळशिल्पे. कशेळीचा प्रचंड हत्ती, बारसूची आणि देवाचे गोठण्याची चित्रे, गोव्यातल्या कुशावतीकाठची शिल्पे, ही सारी जमिनीवरच कोरलेली आहेत. २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला. पण कित्येक सड्यांवर ना कुंपण आहे, ना पाटी. उन्हे कलल्याशिवाय ती नीट दिसतही नाहीत. भर दुपारी त्या कातळावरून गाडी नेणाऱ्याला आपण कशावरून गेलो याचा पत्ताही लागणार नाही.

समुद्रकिनाऱ्याविषयी तर वादच नको. गोव्यात पुळणीवर गाडी न्यायला मज्जाव आहे आणि तो मोडणाऱ्या पर्यटकांवर पोलिसांत गुन्हे नोंदवले जातात. आपल्याकडे वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. ती घरटी वाळूखाली असतात आणि वरून दिसत नाहीत. शिवाय ओली पुळण घट्ट वाटते, पण गाडी थांबली की चाकांखालची वाळू निसटू लागते आणि मग भरतीचे वेळापत्रक कोणासाठी थांबत नाही.

राहता राहिला माळ. इंदापूर, बारामती, सासवडच्या बाजूचे गवताळ माळ पाहून शहरातल्या माणसाला वाटते, की हे तर ओसाडच आहे, इथे कुणाचे काय बिघडणार? त्या ओसाडीत लांडगे राहतात, चिंकारा राहतात, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी राहतात आणि धनगरांच्या मेंढ्या चरतात. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठीच आहे. फाल्गुनात गवत वाळलेले असताना त्यात गाडी उभी केली, तर तापलेल्या सायलेन्सरने वणवा पेटू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

बैलाने ठरवलेला चढ

मग नवशिक्याने जावे तरी कुठे? माझ्या मते याचे उत्तर बैलाने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.

भरलेली बैलगाडी जिथून जाते तिथला चढ बैलजोडीच्या दमाएवढाच असतो. वळण गाडीच्या साटीला बसेल एवढे रुंद असते आणि ओढा उतरायची जागा पाणी पसरट असेल तिथेच निवडलेली असते. आज बैलगाड्या कमी झाल्या, पण त्यांनी आखलेल्या वाटा तशाच आहेत. जीपसाठी याहून सोपी, याहून पारखलेली वाट दुसरी नाही. उलट, ज्या वाटेने पाठीवर गोणी लादलेले लमाणांचे बैल जात, ती वाट जीपची नव्हे. बोरघाटात चाकाच्या गाडीचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्याआधी सह्याद्री चढणारा माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरूनच जाई. म्हणून नाणेघाटासारख्या प्राचीन घाटवाटा कितीही प्रसिद्ध असल्या तरी त्या पायऱ्यांच्या आहेत आणि त्या चालूनच जाण्यासाठी आहेत. गाडीवाट कोणती आणि घाटवाट कोणती, एवढा फरक ज्याला कळला त्याचे निम्मे शिक्षण झाले.

दुसरी परीक्षा मातीची. १९८० च्या दशकात मी ग्रामीण शाखेत असताना विहिरी आणि गाईम्हशींच्या कर्जांची पाहणी करायला आम्ही जीपने फिरत असू. जीपवर एक वयस्क चालक होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मामा चारचाकी जोराच्या भानगडीत न पडता साध्या दोनचाकी ओढीच्या गाडीने कुठल्या कुठल्या वस्त्यांवर जाऊन येत. त्यांचे निम्मे कौशल्य कुठे जायचे नाही हे ठरवण्यात होते. ते म्हणायचे, ‘‘साहेब, मुरमाला इचारून जावं आन् काळ्याला न इचारता मागं फिरावं.’’ मुरमाड जमिनीत पाणी मुरते, चाकाला पकड मिळते आणि पाऊस उघडल्यावर ती लवकर वाळते. काळी रेगूर जमीन मात्र ओली झाली की चाकाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते. टायरांच्या खाचा भरून जातात आणि मग चार चाकांना जोर असला तरी चारही चाके जागच्या जागी फिरतात. धरणाच्या मागे सरकलेल्या पाण्याची उघडी पडलेली जमीन त्याहून फसवी. उजनीच्या काठावर वरचा पापुद्रा वाळलेला दिसतो आणि खाली गाळ असतो. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात, तेव्हा तर तिकडे गाडी नेण्याचा विचारही नको.

तिसरी परीक्षा ऋतूची. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे चार महिने शिकायला उत्तम. खरिपाची पिके निघालेली असतात, वाटा वाळलेल्या असतात, ओढ्यांचे पाणी ओसरलेले असते. पावसाळ्यात चिखलाचा मोह होतो हे खरे, पण वाटेचे सर्वांत जास्त नुकसान त्याच दिवसांत होते आणि नवशिक्याचा जीवही त्याच दिवसांत धोक्यात असतो. वाहते पाणी दोन फूट असले तरी ते बहुतेक गाड्या उचलून नेऊ शकते. म्हणून फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबायचे, हा नियम विनाअपवाद पाळावा. साचलेल्या पाण्यातही आधी काठी घेऊन उतरावे. जिथे आपण चालत जाऊ शकत नाही तिथे गाडी घालू नये.

राहिले प्रत्यक्ष चालवणे. गाडीला ‘लो’ गिअर असेल तर तो चढ किंवा उतार सुरू होण्याआधीच टाकावा, मध्यात नव्हे. उतारावर पहिल्या गिअरमध्ये गाडीला तिच्या गतीने उतरू द्यावे; ब्रेक दाबून चाके घसरू देऊ नयेत. स्टिअरिंगच्या चाकाला अंगठा आतून अडकवू नये, कारण दगडावर चाक वळले की ते झटका देते आणि अंगठा मोडतो. ट्रॅक्टरने पाडलेली खाच खोल असेल, तर एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे कडेवर ठेवून जावे. खाचेत उतरलात की चेंबर दगडाला लागलाच म्हणून समजा. टायरांतली हवा थोडी कमी केली की पकड वाढते, मात्र डांबरावर परतण्याआधी ती पुन्हा भरायची, म्हणून पंप जवळ हवा. एकट्या गाडीने जाऊ नये. दोर हवा आणि तो गाडीच्या सांगाड्याला दिलेल्या हुकातच अडकवावा. बंपरला बांधून टोचन करायला गेले की बंपर हातात येतो, आणि सुटलेला हुक बंदुकीच्या गोळीसारखा येतो. ओढाओढ चालू असताना मुलांना दोराच्या दुप्पट लांबीवर उभे करावे.

जुन्या धंद्यामुळे आणखी एक गोष्ट सुचवतो. गाडीचा विमा एकदा बसून वाचा. शर्यती, वेगाच्या चाचण्या आणि तशा स्पर्धांमधला वापर पॉलिसीतून वगळलेला असतो, आणि पाणी शिरून बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करताना जे नुकसान होते त्याची भरपाई साध्या विम्यात बहुधा मिळत नाही. कर्जाचे हप्ते मात्र सात वर्षे चालूच राहतात.

बाहेर काय करतात?

ही हौस ज्या देशांत जुनी आहे तिथे हा प्रश्न कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या युटा राज्यात मोआब नावाचे गाव आहे. १९५० च्या दशकात युरेनियमच्या शोधात आलेल्या खाणवाल्यांनी तिथल्या लाल खडकांत जिकडेतिकडे वाटा पाडल्या. खाणी मंदावल्या, वाटा राहिल्या. १९६७ मध्ये गावच्या व्यापाऱ्यांनी ईस्टरच्या सुटीत जीपची यात्रा सुरू केली आणि आज ते गाव या हौसेची पंढरी मानले जाते. तिथल्या वाटांना एकपासून दहापर्यंत श्रेणी दिलेली असते. नवख्याने एक-दोनच्या वाटेवर जावे, दहाच्या वाटेवर गाडी उलटू शकते, हे आधीच सांगितलेले असते.

पण हे स्वातंत्र्य बेबंद नाही. सार्वजनिक जमिनीवर गाडी कुठे चालवायची याला शिस्त लावणारा आदेश राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्येच काढला होता. २००५ च्या नियमानुसार तिथल्या वनखात्याला प्रत्येक राष्ट्रीय वनाचा वाहनवाटांचा नकाशा काढावा लागतो, आणि तो लोकांना फुकट मिळतो. त्यावर दाखवलेली वाट खुली. जी दाखवलेली नाही ती बंद. मोआबच्या वाळवंटात मातीवर सूक्ष्म जीवांची काळपट साय धरलेली असते. एका चाकाखाली ती मोडली तर सावरायला दशके लागतात. म्हणून तिथे वाटेवाटेवरून वाद होतात. २०२३ मध्ये मोआबजवळच्या एका भागात सुमारे ३१७ मैलांच्या वाटा गाड्यांना बंद करण्याचा आणि आठशेहून अधिक मैल खुल्या ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हा दोन्ही बाजूंनी मोठे वादंग उठले. पण ते नकाशा समोर ठेवून उठले, हे महत्त्वाचे.

आइसलँड त्याहून कडक. तिथे वाट सोडून जमिनीवर गाडी घालणे हाच गुन्हा आहे. थिजलेल्या, बर्फाच्छादित जमिनीपुरती तेवढी सवलत आहे. आणि तरीही त्या देशात डोंगरातल्या कच्च्या वाटांना ‘एफ’ अक्षराने सुरू होणारे क्रमांक आहेत, चारचाकी जोराची गाडी असल्याशिवाय त्यांवर जाता येत नाही आणि बर्फ वितळून जमीन वाळेपर्यंत त्या उघडत नाहीत. म्हणजे ज्या देशात कच्च्या वाटांची सर्वांत चोख व्यवस्था आहे, त्याच देशात वाट सोडण्याची मनाई सर्वांत कडक आहे. यात विसंगती नाही. एक गोष्ट नीट दिली, म्हणून दुसरी नाकारता येते.

आपल्या गावांना काय?

आपल्याकडे दोन्ही टोकांचे आहे. एकीकडे कायद्यांची मनाई आहे, दुसरीकडे डोंगर पोखरत जाणाऱ्या गाडीची जाहिरात. मध्ये जे हवे ते, म्हणजे ‘इथे या, या दिवसांत या, एवढ्या गाड्या आणा, एवढे पैसे द्या’ असे सांगणारी पाटी, कुठेच नाही. महिंद्र कंपनीने इगतपुरीजवळ अशा गाड्या चालवायला शिकवणारे केंद्र उभारले, ही चांगली गोष्ट. शक्य असेल त्याने अशा बंदिस्त जागेत, जाणत्याच्या देखरेखीखाली पहिला धडा जरूर घ्यावा. पण लाखो गाड्यांना एकदोन केंद्रे पुरणार नाहीत.

माझ्या डोक्यात एक साधी योजना आहे. प्रत्येक तालुक्यातल्या चारपाच इच्छुक ग्रामपंचायतींनी गाव नकाशावरची एकेक गाडीवाट ग्रामसभेच्या ठरावाने निवडावी. तिच्या तोंडाशी पाटी लावावी: लांबी किती, माती कोणती, चढ किती, श्रेणी कोणती, जून ते ऑक्टोबर बंद. दिवसाला दहा गाड्या, त्याही ओळीने. प्रत्येक गाडीमागे शुल्क, आणि ते पैसे त्याच वाटेच्या मुरमावर खर्च करायचे. गावातला एखादा तरुण वाटाड्या म्हणून बरोबर. जेवण गावातच. गाड्या विकणाऱ्या कंपन्यांनीही चावी देताना अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक सक्तीचे करावे. ज्या किमतीला गाडी विकतात त्यात हे बसते.

यावर आक्षेप येतील, आणि ते खोटे नाहीत. द्राक्षावर धूळ बसते, गुरे बुजतात, शहरातून येणारे बाटल्या टाकून जातात. म्हणून ग्रामसभेला नकाराचा हक्क हवाच, आणि दिलेली परवानगी मागे घेण्याचाही. श्रीमंतांच्या खेळासाठी शासनाने का राबावे, असेही कोणी विचारील. त्याला उत्तर असे, की हा खेळ आजच चालू आहे. त्याचा खर्च आज तो शेतकरी सोसतो, ज्याच्या बांधावरून परवानगीवाचून गाडी गेली. पाटी लावली तर निदान तो खर्च खेळणाऱ्याच्या खिशातून येईल. आणि वर्षातले चार महिने शुल्क देणारी वाट बुजवण्याचे धाडस शेजारच्या बांधवाल्यालाही होणार नाही. पुणे वनविभागाने २०२४ मध्ये कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळांवर गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ठरलेल्या वाटा, स्थानिक वाटाडे आणि आधी नोंदणी, असा तो प्रकार आहे. वन्यजीवांच्या बाबतीत जे जमते ते पाणंदीच्या बाबतीत जमू नये असे काही नाही.

शासन हे करील तेव्हा करील. तोपर्यंत हाताशी काय आहे? महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरी घरांना अजून कुठेतरी एक गाव आहे. स्वतःचे नाही तर मामाचे, सासुरवाडीचे, नाहीतर ऑफिसातल्या मित्राचे. पहिली वाट तिथेच शोधावी. एखाद्या काकांना किंवा आबांना पुढच्या सीटवर बसवावे आणि ‘तुमच्या वेळची गाडीवाट दाखवा’ म्हणावे. त्यांना जो आनंद होईल तो वेगळाच. निम्मी वाट आधी पायी चालावी, मुलांना बरोबर घेऊन. मुरूम कोणता, रेगूर कोणती, बांध कुठे संपतो आणि शीव कुठे लागते, हे शाळेत कोणी शिकवत नाही. पहिल्या दिवशी चारपाच किलोमीटर पुरेत, आणि ऊन कलायच्या आत डांबरावर परत यावे. कुठे रुतलो नाही म्हणून हिरमुसू नये. ज्या वाटेने गेलो त्या वाटेने दुसऱ्या दिवशी दुधाचे कॅन नेहमीच्या वेळी डेअरीवर पोहोचले, म्हणजे आपली सहल नीट पार पडली असे समजावे.